हैदराबाद प्रश्न : आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासपद्धती

ब्रिटिश अधिसत्ता १५ ऑगस्ट १९४७ रोजी संपुष्टात आल्यानंतर हैदराबाद संस्थान व भारत यांच्यात जो वाद उद्‌भवला आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने ज्याचा निकाल लागला, त्यास सामान्यतः हैदराबाद प्रश्न असे म्हणतात. भारताच्या दृष्टीने हा देशांतर्गत प्रश्न होता. निजामाच्या सरकारच्या दृष्टीने तो दोन राज्यांमधील तंटा होता आणि म्हणूनच ते सरकार तो संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे घेऊन गेले. एकच घटना एका व्याख्येनुसार आंतरराष्ट्रीय संबंधांच्या कक्षेत येते व दुसऱ्या व्याख्येनुसार तीबाहेर राहते. त्यामुळे या विद्याशाखेतील निरनिराळ्या संशोधनपद्धती काय दाखवितात व काय झाकतात, हे पारखण्यास हैदराबाद प्रश्न विशेष उपयुक्त ठरतो. प्रस्तुत नोंदीत या पद्धतींचा विचार मुख्यतः मराठवाड्याच्या, त्यातही परभणी जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

प्रदेश व पूर्वपरंपरा : परभणी हा हैदराबाद संस्थानातील मराठी भाषी जिल्ह्यांपैकी एक होय. १९४८ मध्ये आजचा हिंगोली जिल्हा (स्थापना १ मे १९९९) व परतूर तालुका (१९८१ पासून जालना जिल्ह्यात) त्यात समाविष्ट होते. जिल्ह्याची उत्तर सीमा वऱ्हाडला भिडलेली होती. वऱ्हाड हा नावाने निजामाचा, परंतु १८५३ च्या तहापासून ब्रिटिशांच्या ताब्यात असलेला प्रदेश. १९०२ मध्ये तो वार्षिक २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायम पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेला. ज्या ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड गहाण पडला, तिची एक छावणी हिंगोली येथे होती. म्हणजे येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने परराष्ट्रसंबंध ही राजधानीत घडणारी गोष्ट नव्हती. त्याच्या शिवाराच्या पलीकडे कायदा, नाणे व पोलीस बदलत होते.

या भूभागाला राज्याराज्यांमधील संबंधांचा इतिहास याहूनही जुना आहे. पाथरी (परभणी जिल्हा) या परगण्यासाठी अहमदनगरची निजामशाही व वऱ्हाडची इमादशाही यांच्यात सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात लढाया झाल्या. फिरिश्त्याच्या कथनानुसार निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी होते. पूर्वजांचे हे गाव आपल्याला मिळावे व त्याच्या मोबदल्यात दुसरा परगणा घ्यावा, अशी बुऱ्हाण निजामशाहाची मागणी होती आणि ती अलाउद्दीन इमादशाहाने नाकारल्यामुळे युद्ध उद्‌भवले. अहमदनगरच्या आश्रयाने लिहिलेला बुऱ्हान-इ-मआसिर हा ग्रंथ मात्र निजामशाहीच्या संस्थापकाचे कूळ बहमनी राजघराण्याशी जोडतो. एक इतिहासकार युद्धाचे कारण कुळाभिमानात पाहतो, तर दुसऱ्याला त्या कुळाचा उल्लेखही गैरसोयीचा वाटतो. गोदावरीच्या सुपीक खोऱ्यातील परगणा व त्याचा महसूल हे कारण दोघांच्याही कथनात दुय्यम राहते. साधनाचा कर्ता कोण, त्याचा आश्रयदाता कोण आणि त्याने काय वगळले, हे तीन प्रश्न संशोधनाच्या प्रारंभीच विचारले पाहिजेत, असा धडा यातून मिळतो.

अठराव्या शतकातील मराठे–निजाम संबंधांच्या अभ्यासाने महाराष्ट्रात या साधनचिकित्सेची पक्की परंपरा निर्माण केली. पेशव्यांचे हैदराबाद दरबारातील वकील गोविंदराव काळे यांच्यासारख्यांची पत्रे, गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड व पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार ही साधने प्रसिद्ध झाल्यावर मराठी, फार्सी व इंग्रजी कागद परस्परांशी ताडून पाहणे शक्य झाले. त्र्यं. शं. शेजवलकर यांचा निजाम-पेशवे संबंध हा ग्रंथ व सेतुमाधवराव पगडी यांचे फार्सी साधनांवरील लेखन ही या पद्धतीची ठळक उदाहरणे होत. वकिलाची बातमी ही त्याच्या धन्याला ऐकावयाची असलेली बातमी असू शकते, हे या संशोधकांनी नित्य ध्यानात ठेवले. विसाव्या शतकातील राजनैतिक कागदपत्रांनाही हा निकष तितकाच लागू पडतो.

विधिविषयक पद्धती : आंतरराष्ट्रीय संबंध ही स्वतंत्र विद्याशाखा पहिल्या महायुद्धानंतर उदयास आली. तिचे पहिले अध्यासन १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे स्थापन झाले. आरंभीच्या काळात तीत तह, करार व आंतरराष्ट्रीय विधी यांच्या अभ्यासावर भर होता. या पद्धतीने पाहता हैदराबाद प्रश्नाचा गाभा एकच : हैदराबाद हे राज्य होते काय? माँटेव्हिडिओ संकेतानुसार (१९३३) राज्यास स्थायी लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता ही चार लक्षणे लागतात. सु. ८२,७०० चौ. मैल क्षेत्रफळ व १९४१ च्या जनगणनेनुसार १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकसंख्या असलेल्या हैदराबादची पहिली तीन लक्षणे वादातीत होती. प्रश्न चौथ्याचा होता.

ब्रिटिश काळात हे लक्षण हैदराबादला नव्हते. वऱ्हाडच्या परतीची मागणी निजामाने समान दर्जाच्या भूमिकेवरून केली असता व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग याने २७ मार्च १९२६ च्या पत्राने ब्रिटिश राजसत्ता भारतात सर्वोच्च असल्याचे त्यास स्पष्टपणे बजावले. पुढे १९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य अधिनियमाच्या सातव्या कलमाने संस्थानांवरील अधिसत्ता लोप पावली. ती वारसाहक्काने कोणाकडेही गेली नाही. या लोपामुळे आपण सार्वभौम झालो, असा निजाम मीर उस्मान अली खान याचा दावा होता. अधिसत्तेच्या लोपाने पूर्वी कधीही नसलेले सार्वभौमत्व निर्माण होत नाही, असे भारताचे म्हणणे होते. अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉ या नियतकालिकात १९४९ मध्ये तारकनाथ दास यांनी व १९५० मध्ये क्लाइड ईगलटन यांनी या विषयावर लिहिले. दास यांनी हैदराबादचा सार्वभौमत्वाचा दावा अमान्य केला, तर ईगलटन यांनी सुरक्षा परिषदेच्या निष्क्रियतेवर टीका केली. एकाच नियतकालिकात, एकाच विधिशास्त्राच्या आधारे परस्परविरुद्ध कल निघावेत, यावरून या पद्धतीची मर्यादा दिसते. संस्थानातील बहुसंख्य प्रजेस काय हवे होते, हा प्रश्न राज्याच्या चार लक्षणांत कोठेच बसत नाही.

राजनैतिक इतिहासाची पद्धत : घटनांचा काटेकोर कालक्रम लावणे व उभयपक्षी कागद ताडून पाहणे, हे या पद्धतीचे सार होय. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी उभयपक्षी एक वर्ष मुदतीचा ‘जैसे थे’ करार झाला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण यांसह सामाईक बाबींची ब्रिटिशकालीन व्यवस्था त्यानुसार चालू राहावयाची होती. वादाचे मुद्दे लवादाकडे सोपविण्याचीही तरतूद होती. त्यानंतर हैदराबाद सरकारने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जरोखे दिले, यास भारताने करारभंग मानले; भारताने आर्थिक कोंडी केली, यास हैदराबादने करारभंग मानले. सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून विमानांनी हैदराबादला शस्त्रे पुरविली. २१ ऑगस्ट १९४८ रोजी निजाम सरकारने सुरक्षा परिषदेकडे तारेने तक्रार केली. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सेनेने संस्थानात प्रवेश केला. १६ सप्टेंबर रोजी पॅरिस येथे भरलेल्या बैठकीत परिषदेने ८ मतांनी हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेतला. सोव्हिएट रशिया, युक्रेन व चीन हे तटस्थ राहिले. हैदराबादची बाजू मोईन नवाज जंग यांनी व भारताची रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने युद्धबंदी जाहीर केली व २२ सप्टेंबर रोजी तक्रार मागे घेत असल्याचे कळविले. मे १९४९ मध्ये परिषदेने पाकिस्तानचे म्हणणे ऐकले. तथापि कोणताही ठराव झाला नाही.

हा कालक्रम निर्विवाद असला, तरी हेतूंविषयी तसे म्हणता येत नाही. व्ही. पी. मेनन (१९५६), भारताचे हैदराबादेतील एजंट-जनरल क. मा. मुनशी (१९५७), संस्थानचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली (१९६२) आणि स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (१९६७) या चौघांनीही आठवणी वा इतिहास लिहिले. चौघेही प्रत्यक्ष सहभागी होते व चौघांनाही निकाल ठाऊक झाल्यानंतर लिहावयाचे होते. स्मृतिग्रंथातील विधान समकालीन कागदाने पडताळल्याशिवाय पुरावा म्हणून स्वीकारू नये, हा नियम येथे अपरिहार्य ठरतो. सरदार पटेलांचा पत्रव्यवहार (१० खंड, १९७१–७४) आणि ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेले सत्तांतरविषयक कागदपत्रांचे १२ खंड (१९७०–८३) यांमुळे अशी पडताळणी सुकर झाली. निजामाचे घटनात्मक सल्लागार वॉल्टर माँक्टन यांचे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. संस्थानी दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात असून तो उर्दू व फार्सी भाषांत आहे. केवळ इंग्रजी कागदांवर विसंबणारा संशोधक त्यामुळे दिल्ली व लंडनचे म्हणणे ऐकतो. हैदराबादचे म्हणणे त्याला अनुवादातूनच कळते.

सत्तावादी विश्लेषण : हॅन्स मॉर्गेन्थाऊ यांचा सत्तावादाची मांडणी करणारा पॉलिटिक्स अमंग नेशन्स हा ग्रंथ हैदराबाद प्रश्न धसास लागला त्याच वर्षी, १९४८ मध्ये, प्रसिद्ध झाला. विधी व नीती यांपेक्षा सत्ता व हितसंबंध हे राज्यांच्या वर्तनाचे खरे निर्णायक होत, असे या मताचे प्रतिपादन आहे. चोहोबाजूंनी भारताने वेढलेले, समुद्रकिनारा नसलेले संस्थान दीर्घकाळ स्वतंत्र राहणे अशक्य होते, हे स्पष्टीकरण या पद्धतीने सहज मिळते. परंतु मग हैदराबादच्या राज्यकर्त्यांनी अशक्यप्राय मार्ग का धरला, याचे उत्तर तीत सापडत नाही. त्यासाठी संस्थानांतर्गत राजकारणाकडे वळावे लागते. लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील इत्तेहादुल मुसलमीन व तिचे रझाकार दल यांचा दरबारावरील दाब इतका वाढला की, ऑक्टोबर १९४७ मध्ये दिल्लीस निघालेल्या वाटाघाटी मंडळास त्यांनी रोखले आणि पुढे पंतप्रधान छतारीचे नवाब यांना पद सोडावे लागले. दुसऱ्या बाजूस १९३७ मध्ये परतूर येथे पहिले अधिवेशन भरविणारी महाराष्ट्र परिषद, १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह आणि तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र उठाव, या घटनांनी राज्य आतून पोखरले होते. राज्यास एकजिनसी घटक मानणाऱ्या विश्लेषणात हे काहीच दिसत नाही [⟶ मराठवाडा मुक्तिसंग्राम].

गणनात्मक पद्धती : १९५० नंतर अमेरिकेत वर्तनवादी विचारसरणीचा प्रभाव वाढला व मोजता येण्याजोग्या तथ्यांवर भर देण्यात येऊ लागला. मॉर्टन कॅप्लान यांच्या व्यवस्था-विश्लेषणावर हेड्‌ली बुल यांनी १९६६ मध्ये केलेली टीका व तीतून रंगलेला पारंपरिक विरुद्ध शास्त्रीय पद्धती हा वाद प्रसिद्ध आहे. जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू केलेल्या युद्धविषयक प्रकल्पात १८१६ नंतरच्या युद्धांची सूची करण्यात आली. युद्ध म्हणून गणना होण्यासाठी रणांगणावरील किमान १,००० मृत्यू ही मर्यादा त्यात ठरविलेली आहे.

शेकडो घटनांची तुलना करण्यास अशी सूची मोलाची असते. मात्र हैदराबादसारख्या घटनेची नोंद करताना दोन निर्णय आधीच घ्यावे लागतात. एक, हैदराबादला राज्य समजावयाचे की नाही. म्हणजे जो मूळ वाद, त्याचाच निकाल सूचीकाराने रकाना भरताना लावून टाकलेला असतो. दोन, कोणते मृत्यू मोजावयाचे. कारवाई पाच दिवसांत संपली. पण तीपूर्वी रझाकारांच्या अत्याचारांत व तीनंतरच्या सूडसत्रात जे नागरिक मारले गेले, ते रणांगणावर मेले नव्हते. गणनेच्या व्याख्येत न बसणारा मृत्यू सूचीच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

स्थानिक साधने व चौकशी अहवाल : कारवाईनंतरच्या हिंसेची माहिती घेण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांना संस्थानात पाठविले. त्यांच्या मंडळाने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला व १०९ गावांतील ५०० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कारवाईच्या काळात व तीनंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा त्याने अंदाज केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागल्याचे त्यात नमूद आहे. मृतांत मुसलमानांची संख्या मोठी होती. रझाकारांनी गावोगाव केलेल्या वसुलीची व लुटीची, तसेच अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना दिलेल्या आश्रयाचीही अहवालाने दखल घेतली आहे. हा अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. पुढे त्यातील उतारे प्रसिद्ध झाले आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयात तो अभ्यासकांना पाहावयास मिळू लागला.

संशोधनपद्धतीच्या दृष्टीने या अहवालाचे वाचन दक्षतेने करावे लागते. त्यातील आकडे ही मोजदाद नसून मुलाखतींवरून बांधलेला अंदाज आहे. सर्व जिल्ह्यांत दौरा झालेला नसल्याने एखाद्या जिल्ह्याचे नाव ठळकपणे न येणे म्हणजे तेथे हानी झाली नाही, असेही समजता येत नाही. नांदेडला लागून असलेल्या परभणी जिल्ह्याबाबत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. त्याचप्रमाणे १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेलेली कुटुंबे, उमरखेडसारख्या सीमेवरील केंद्रांतून चाललेला सशस्त्र लढा आणि त्याच सीमेवरील लूट व प्रतिशोध यांची नोंद राजनैतिक पत्रव्यवहारात क्वचितच आढळते. अनंत भालेराव यांचा हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा (१९८७) हा ग्रंथ, तसेच तत्कालीन परभणी जिल्ह्यातील नांदापूर येथे जन्मलेले नरहर कुरुंदकर यांचे लेखन यांमुळे मराठीत या इतिहासाचा पाया घातला गेला. लढ्यात भाग घेतलेल्यांच्या आठवणीही पुष्कळ प्रसिद्ध झाल्या. त्या मानाने ज्यांनी लढ्याच्या कोणत्याच बाजूने भाग घेतला नाही, पण ज्यांचे घर जळाले, अशा हिंदू व मुसलमान कुटुंबांच्या साक्षी कमी नोंदविल्या गेल्या. मौखिक साक्षीत तारखा चुकतात, दोन घटनांची सरमिसळ होते व नंतर ऐकलेले पूर्वी पाहिलेले वाटते; म्हणून महसुली दप्तर, वृत्तपत्रे व अन्य साक्षी यांच्याशी ती ताडून पाहणे आवश्यक असते. तथापि ज्या घटनेचा कागदच झाला नाही, तिच्यापुरती ती एकमेव साधन ठरते.

न्यायालयीन परीक्षण : साधनचिकित्सेचे एक वेगळे उदाहरण हैदराबाद निधीच्या खटल्यात आढळते. २० सप्टेंबर १९४८ रोजी मोईन नवाज जंग यांनी लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेतील निजाम सरकारच्या खात्यातून १० लाखांहून अधिक पौंड पाकिस्तानचे ब्रिटनमधील उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग केले. निजामाने ही रक्कम परत मागितली. परंतु १९५७ मध्ये लॉर्ड्‌स सभागृहाने परकीय राज्यास खटल्यापासून संरक्षण असते, या तत्त्वावर दावा थांबविला. रक्कम बँकेतच पडून राहिली. २०१३ मध्ये पाकिस्ताननेच नव्याने दावा लावल्याने ते संरक्षण उरले नाही आणि इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २ ऑक्टोबर २०१९ रोजी निकाल देऊन, व्याजासह सु. साडेतीन कोटी पौंड झालेल्या या निधीवर निजामाचे वारस व भारत यांचा हक्क मान्य केला. ही रक्कम शस्त्रपुरवठ्याचे मूल्य होती, हा पाकिस्तानचा युक्तिवाद पुराव्याअभावी फेटाळण्यात आला. हैदराबादला शस्त्रे मिळत होती, ही गोष्ट खरी; पण म्हणून ही विशिष्ट रक्कम त्यांच्यासाठीच होती, असे सिद्ध होत नाही, हा न्यायालयाचा विवेक इतिहास संशोधकासही मार्गदर्शक आहे. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवल्याने त्यांच्यातील कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

मूल्यमापन : वरील पद्धतींपैकी कोणतीही एक स्वयंपूर्ण नाही. विधिविषयक पद्धतीने वादाचे स्वरूप कळते. राजनैतिक इतिहासाने घटनाक्रम कळतो. सत्तावादी विश्लेषणाने निकालाची अपरिहार्यता, तर गणनेने त्याचे तुलनात्मक स्थान कळते. आणि स्थानिक साधनांनी त्या निकालाची किंमत कोणी मोजली, हे समजते. प्रश्नाच्या स्वरूपानुसार पद्धतीची निवड करावी व एका पद्धतीच्या निष्कर्षास दुसरीच्या साधनांनी कसोटी लावावी, हाच मार्ग श्रेयस्कर होय. भारतात या विषयाच्या अध्ययनास विश्व व्यवहार परिषद (१९४३) व दिल्लीतील भारतीय आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्था (१९५५) यांनी चालना दिली. परंतु तेथील दृष्टी स्वाभाविकपणे मोठ्या राष्ट्रांच्या राजधान्यांकडे राहिली. मराठवाड्यात औरंगाबाद येथील विद्यापीठ (१९५८) व नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) यांच्या परिसरात मराठी, उर्दू व फार्सी साधने एकत्र वाचण्याची सोय तुलनेने अधिक आहे.

या कामाला कालमर्यादाही आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये पंधरा वर्षांचा असलेला साक्षीदार आज नव्वदी ओलांडून गेला आहे. अभिलेखागारातील कागद मुदत संपल्यावर खुले होतात. माणसांच्या बाबतीत याच्या उलट घडते. जैसे थे कराराची प्रत शंभर वर्षांनीही वाचता येईल; पेनगंगा ओलांडून रात्रीत पलीकडे गेलेल्या अथवा परत येऊन ओसाड घर पाहिलेल्या माणसाची साक्ष मात्र त्याच्याबरोबरच संपते.